सेल्फ मारताना येणारा आवाज

सोमवारी सकाळी मी गाडीला सेल्फ मारला आणि बॉनेटखालून माझी बायको खोकली.

कुमुद माझ्या शेजारच्या सीटवर बसली होती, मांडीवर भाजीची पिशवी. तिचा खोकला मी ओळखतो. दोन बारीक, एक मोठा आणि मग "देवा". चाळीस वर्षं ऐकतोय. इंजिन पुढे नेहमीसारखं चालू झालं, पण त्या दिवसापासून तिचा खोकला बंद झाला. फोडणीत मिरच्या पडल्या तरी तिला ठसका लागेना. मी म्हटलं, डॉक्टरच्या औषधापेक्षा आपली गाडी बरी.

मंगळवारी बॉनेटखालून ती हसली. हसू चांगलं होतं, लांबलचक, शेवटी नाकातून फुस्स होणारं. त्यानंतर कुमुदचा चेहरा हसायचा, आवाज यायचा नाही. सेल्फ मारताना जो आवाज गाडीतून येतो तो तिच्याकडे परत जात नाही, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी जन्मभर शाळेत गणित शिकवलंय. एवढी वजाबाकी मला जमते.

"हारूण मिस्त्रीकडे दाखवू," मी म्हटलं.

"अहो, पण न्यायची म्हणजे चालू करावी लागेल ना?"

आमची कॉलनी उतारावर आहे. मी हँडब्रेक सोडला, गाडी घरंगळू दिली, दुसरा गिअर टाकून क्लच सोडला. गाडी सेल्फशिवाय चालू झाली, बॉनेटखाली कुणी ब्र काढला नाही. मी स्वतःवर खूश झालो.

रेल्वे फाटकाजवळ गाडी बंद पडली. तिथे उतार नव्हता आणि मागच्या टेम्पोवाल्याने हॉर्नवरचा हात काढला नाही. मी सेल्फ मारला. "हळू!" बॉनेटखालून कुमुद म्हणाली.

हा शब्द तिने गाडीत किती वेळा उच्चारला असेल त्याचा हिशेब नाही. शेजारी बसून ती पायाने नसलेला ब्रेक दाबायची आणि "हळू" म्हणायची. मी म्हणायचो, "गप्प बस गं जरा, मला इंजिन ऐकू दे." आता ती फक्त पाय दाबत होती. इंजिन स्वच्छ ऐकू येत होतं.

हारूणचं गॅरेज मिरजेत. त्याचे वडील तंबोरे करायचे. अजून गॅरेजच्या छताला वाळलेले भोपळे टांगलेले आहेत, त्यांच्या मधे फॅनबेल्ट. कान वडिलांचा आहे, असं तो सांगतो. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे, ही त्याची पद्धत. ऐकल्याशिवाय तो पान्याला हात लावत नाही.

मी सगळं सांगितलं. त्याला नवल वाटलं नाही.

"हुतंय असं, सर. जुनी गाडी माणसाचं ऐकत बसती. मारा सेल्फ."

"मारला तर हिचा आणखी एक आवाज जाईल."

"आन् न्हाई मारला तर मला कळणार कसं?"

कुमुद म्हणाली, "अहो, होऊ द्या एकदाचं." मी सेल्फ मारला. डाळ निवडताना ती गुणगुणते ते बाहेर पडलं. हारूणने मान हलवली.

"हितं रस्त्याचा कालवा लई हाय. आत घेऊ."

मी इंजिन बंद केलं आणि उतरून ढकलू लागलो. गॅरेज बाहेरून वीस फुटांचं आहे. आम्ही ढकलत राहिलो. भोपळे संपेनात. रस्ता मागे तांदळाच्या दाण्याएवढा दिसू लागला तेव्हा हारूण थांबला. मी आत बसून सेल्फ मारला.

"अहो," बॉनेट म्हणालं.

कुमुदने तोंड उघडलं आणि मिटलं. तिचं प्रत्येक वाक्य "अहो"पासून सुरू होतं. ते गेल्यावर पुढचं सगळं अडकलं. तिने माझ्याकडे असं बघितलं की मला रडू आलं. मी ते लपवलं नाही.

"अजून जरा आत," हारूण म्हणाला. या वेळी त्याने एकट्यानेच ढकललं. भिंती जवळ आल्या, आरशांना घासल्या, मग दोन्ही दारांना टेकल्या. हारूण टपावरून पुढे सरकला, बॉनेटवर पालथा पडला आणि जाळीतून स्क्रू-ड्रायव्हर आत घातला. तिथे कुठलाच आवाज नव्हता. त्याने बराच वेळ ऐकलं.

"एकच उरलाय. नाव हाय, गडी माणसाचं."

"कुणाचं?"

"ते बाहेर आल्याबिगर कसं सांगू?"

कुमुदने मान खाली घातली. माझं नाव तिने एकदाच घेतलं आहे, लग्नाच्या दिवशी, उंबऱ्यावर, बायकांनी अडवलं तेव्हा उखाण्यात. बाहेर बँड वाजत होता. सगळ्या बायकांनी ऐकलं, मला ऐकू आलं नाही. पुन्हा घे म्हणायची मला लाज वाटली, आणि मग चाळीस वर्षं गेली.

मला ते नाव ऐकायचं होतं. तिच्याकडे शेवटचं काहीतरी राहायलाही हवं होतं.

"मागं घे गाडी," मी म्हटलं.

"हितं लई घट्ट अडकलीय, सर. ढकलून हालायची न्हाई. मागं घ्यायला बी चालूच करायला लागंल."

मी चावी काढून शर्टाच्या खिशात टाकली. "मग बसू इथंच."

कुमुदने माझ्या खिशात हात घातला. चावी काढली, वाकून लावली आणि माझ्याकडे बघत फिरवली.

बॉनेटखालून माझं नाव आलं. बावीस वर्षांच्या मुलीच्या आवाजात, मधे एकदा अडखळून, शेवटचं अक्षर पदरात लपवल्यासारखं. इंजिन लागलं, इतकं मऊ की डॅशबोर्डवरच्या काट्याकडे बघून कळलं.

"झाली नीट," हारूण म्हणाला.

कुमुद वाट बघत होती, हाक मारून माणूस बघतं तशी. मी ओ दिली.

माझी ओ बॉनेटखालून ऐकू आली.