भाताच्या देवाचा कोल्हा

नर्मदेकाठच्या जबलपुरात एक शशिकांतराव होते, एक त्यांची लतिकाबाई होती, आणि एक त्यांचा वेदांग, जपानात नोकरीला गेलेला. त्यांच्या देवघरातला मी चिनी मातीचा पांढरा कोल्हा बोलतोय. तोंडात भाताची लोंबी धरलेली दिसते, तरी लतिकाबाई शेजारणींना सांगते, "दत्ताचा कुत्रा आहे." माणसाला डोळे कशाला दिले, देव जाणे.

मी जपानातला. तिथे इनारी म्हणून भातपिकाचा देव आहे, आम्ही कोल्हे त्याचे निरोपे. आई-बाबा त्याला भेटायला तिकडे आले, तेव्हा इनारीच्या देवळाजवळच्या दुकानातून वेदांगनं मला घेतलं आणि आईच्या हातात दिलं.

देव भाताचा, आणि लोक मागतात प्रमोशन, मोटार. शशिकांतरावांनी तर हात जोडून मागितलं, "शहपुऱ्याच्या शेताला गिऱ्हाईक मिळू दे." पिकाच्या देवाकडे शेत विकायचा नवस! असा शहाणा मी दुसरा पाहिला नाही.

शेत लतिकाबाईच्या गेलेल्या सासूचं. लतिकाबाईला ते विकायचं नव्हतं, पण तिला विचारतो कोण? तिनं पिशवीतून अक्षता काढल्या आणि टाकल्या देवावर, आपल्याकडे टाकतात तशा. पायरीभर तांदूळ सांडला. तिथली झाडणारी म्हातारी झाडू बाजूला ठेवून एकेक दाणा वेचू लागली.

"आई, काय करून राहिलीस? इथे तांदूळ टाकत नाहीत." लाजेनं वेदांगही वेचायला बसला. वेचता वेचता म्हणाला, "आपल्या शेतातला आहे का?"

"आपल्या शेतात गाजरगवत आहे. हा दुकानातला. शेत विकायला निघालेत तुझे बाबा."

"मंग तू काहून नाही बोलली?"

"बोलले. तुम्ही दोघं फोन पाहून राहिले होते."

ताटाबाहेरचा तांदूळ पोरानं पहिल्यांदाच हातात घेतला होता. मूठ मिटून उठला आणि म्हणाला, "बाबा, शेत विकायचं नाही."

"करणार कोण? तू?"

"शेजारच्या शेतातला बळीराम अर्ध्या वाट्यानं करतो म्हणाला," लतिकाबाई म्हणाली. "मी विचारून ठेवलंय."

पावसाळ्यात भाताच्या रोवणीला वेदांग रजा काढून आला. रोपं कमी लावली, फोटो जास्त काढले. त्याची ओळ बळीरामनं उपटून पुन्हा लावली.

दिवाळी सरली आणि धानाची पोती दारात उतरली. आता नवा भात जेवताना शशिकांतराव आल्यागेल्याला सांगतात, "अपने खेत का है भैया, हमने तो कभी बेचने का सोचा ही नहीं."

लतिकाबाई त्यांच्या ताटात आणखी भात वाढते. कोठीत वर्षभराचा आहे.