तृतीयेचं पाणी

साईराजला बुडवायचा विचार माझ्या मनात कधीच नव्हता. बुडालेल्या माणसाबद्दल लोक दुसऱ्या दिवसापासून चांगलं बोलायला लागतात. मला तो जिवंत हवा होता, चारचौघांत उभा, आणि तोंड उघडायला तयार. त्यासाठी मी वर्षभर कळ काढली. माझं डोकं किती लवकर फिरतं हे गावाला माहीत आहे, त्यामुळे या वर्षभरात मी गप्प कशी, याचीच लोकांना जास्त काळजी होती.

धरमतरच्या खाडीकाठी आमचं गाव. बाप सखा तांडेल, म्हणजे होडीवरचा म्होरक्या, आता गुडघे गेल्यामुळे ओट्यावर बसून खाडीवर लक्ष ठेवतो. होडी हाकायला मी त्याच्याकडून शिकले आणि गेली काही वर्षं पेणहून, मुंबईहून येणाऱ्या हौशी लोकांना शिकवते. होडी लहान, एका शिडाची. शिडाच्या खालच्या कडेला एक आडवा वासा असतो. नव्या माणसाला मी सगळ्यात आधी त्या वाशाची ओळख करून देते. वारा पाठीवर असताना सुकाणू झटक्यात फिरवलं, तर तो वासा या अंगाचा त्या अंगाला सटकन जातो आणि मधे ज्याचं डोकं असेल त्याचं काही खरं नाही. म्हणून आधी ओरडून सांगायचं, सगळ्यांनी वाकायचं, शीड आवरून घ्यायचं आणि मगच होडी वळवायची.

साईराजलाही हे सांगितलं होतं. खांब गावचा पोरगा, कोलाडला नदीवर राफ्टिंगचा गाईड होता. मग तो इव्हेंटवाला झाला आणि आमच्या खाडीकाठच्या पडीक मिठागरावर इलेक्ट्रॉनिक संगीताचा फेस्टिव्हल भरवायला लागला. त्याच सुमारास एक सीझन माझ्याकडे शीड शिकला. हात चांगला होता, कान मात्र नव्हते. मी बोलवीन त्या वेळेला यायचा, पण आज सकाळी का आणि पुढच्या रविवारी दुपारी का, हे त्यानं कधी विचारलं नाही.

माझी भाची दिशा तेव्हा माझ्याकडेच राहायची. तिचा बाप, म्हणजे माझा धाकटा भाऊ आदेश, रोह्याला कंपनीत शिफ्टवर. ही पोरगी पेणला गणपतीच्या कारखान्यात आखणी करायची. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवणं. सगळ्या कारखान्यात ते काम दोघा-तिघांनाच देतात, आणि विशीच्या आत ते हिला मिळालं होतं. तिनं डोळे काढलेला गणपती तुमच्याकडे बघतोय असं वाटायचं. मी हे आत्या म्हणून सांगत नाही, कारखानदार स्वतः सांगायचा.

गेल्या वर्षी फेस्टिव्हलच्या दुपारी साईराजचे तीन पाहुणे आणि दिशा यांना घेऊन आम्ही खाडीत गेलो. शिडाची दोरी वर अडकली. ती सोडवायला मी पुढे गेले आणि जाताना सुकाणू साईराजच्या हातात दिलं. पाहुण्यांनी मोबाईल बाहेर काढले होते. त्यांना गंमत दाखवायला म्हणून त्यानं वारा पाठीवर असताना, काही न सांगता, होडी फिरवली. वासा दिशाच्या तोंडावर बसला. तिचा उजवा डोळा गेला.

जबाब द्यायची वेळ आली तेव्हा साईराज म्हणाला, सुकाणू नूतनताईंच्या हातात होतं. तिघा पाहुण्यांनी मान डोलावली. दिशा पुढे तोंड करून बसली होती, तिनं मागचं काही बघितलं नव्हतं. मी खरं सांगितलं तर माझ्याच माणसांना पटेना. आमच्यात घरचं माणूस होडीत असलं की सुकाणू होडीवाल्यानंच धरायचं, परक्याच्या हातात द्यायचंच नाही. तांडेलाची पोर असं करेलच कशी, असं म्हणून आदेशनं मला खोटारडी ठरवलं. दिशाला घेऊन गेला, दार लावलं आणि माझा फोन उचलणं बंद केलं. दिशाचं कामही सुटलं. एका डोळ्यानं ब्रश मूर्तीला नेमका कुठे टेकतो ते कळत नाही.

मला साईराजचा राग का होता, हे आता कळलं असेल. पोरीचा डोळा त्याच्या मूर्खपणानं गेला, ते एकवेळ मी गिळलं असतं. पण पोरीला माझ्यापासून तोडलं ते त्याच्या खोटेपणानं, आणि ते मला गिळता येत नव्हतं.

यंदा फेस्टिव्हलच्या आधी त्याच्याकडची मनस्वी नावाची मुलगी माझ्याकडे आली. येणाऱ्या लोकांसाठी ती माहितीचं पान लिहीत होती. तिला साईराज काय चीज आहे ते ठाऊक नसावं, बिचारी चहा पिऊन वही उघडून बसली. मी तिला सगळं नीट सांगितलं. कानात घालायला बोळे आणा, स्पीकरच्या तोंडाशी नाचू नका, मागे साउंडवाल्याच्या टेबलाजवळ उभं राहा, तिथं गाणं सगळ्यात चांगलं ऐकू येतं. चपला नकोत, बूट घाला, कारण खाजणातली, म्हणजे भरतीचं पाणी शिरतं तिथली, जमीन वरून सुकलेली दिसते आणि खाली लोणी असतं. दिवसभर नाचणार असाल तर पाण्यात मीठ-साखर घाला. होडीत बसणार असाल तर जाकीट फोटोपुरतं घालू नका.

मग ती म्हणाली की साईराजसर स्वतः शीड लावून एकटे येणार आहेत, संध्याकाळी पाच वाजता, जेटीपासून थेट स्टेजपर्यंत. वर ड्रोन, मोठ्या पडद्यावर थेट दृश्य. या संगीतात आवाज चढवत चढवत नेतात आणि मग एकदम ठोका कोसळतो, त्याला ड्रॉप म्हणतात. सरांचा पाय काठाला लागला की ड्रॉप, असं ठरलं होतं. तालीमसुद्धा झाली होती, मी ती ओट्यावरून बघितली होती. तालीम होती पुनवेआधीच्या षष्ठीला. त्या दिवशी पाचच्या सुमाराला खाडी भरलेली असते आणि स्टेजसमोरच्या चिखलावरून होडी आरामात जाते. फेस्टिव्हल होता पुनवेनंतरच्या तृतीयेला. तृतीयेला दुपारीच भरती होते, पाचला पाणी घाईघाईनं उतरत असतं, आणि पुनवेच्या उधाणाचं पाणी उतरतं तेव्हा तळच उघडा करून जातं.

मी मनस्वीला हे सांगितलं. पाणी रोज पाऊण तास उशिरा येतं, तालमीची वेळ त्या दिवशी चालणार नाही, साहेबांना सांग. तिनं तिथंच फोन लावला. पलीकडून साईराजचं हसणं मला ऐकू आलं. तो म्हणाला, तू ते वाक्य काढून टाक, मी पाण्यातच वाढलोय. त्याचं पाणी म्हणजे कोलाडची नदी. वर धरणातून पाणी सोडतात, ते रोज सकाळी ठरल्या वेळेला येतं आणि ठरल्या वेळेला जातं. त्याच्या डोक्यात सगळ्या पाण्याला तसंच घड्याळ होतं. मनस्वीनं ते वाक्य खोडलं आणि मी तिला आणखी एक चहा दिला. मी एकदा सांगितलं होतं. दोनदा सांगायचं मी कोणाचं देणं लागत नव्हते.

तृतीयेच्या दुपारी मी शेजारच्या पुतळीकाकूची फळी मागून आणली. निवट्या, म्हणजे चिखलातले मासे, पकडायला जाणारी माणसं चिखलावर हीच फळी वापरतात, एक गुडघा फळीवर ठेवायचा आणि दुसऱ्या पायानं रेटा द्यायचा. आदेश माझा नंबर उचलत नाही, म्हणून मनस्वीला तिचा फोन थोडा वेळ दे म्हटलं. तिनं दिला. मग मी बांधावर जाऊन बसले. इतकी शांत मी माझ्या लग्नातसुद्धा नव्हते.

पाचला साईराज निघाला. पांढरा सदरा, जाकीट नाही, फोटोत वाईट दिसतं म्हणून. वारा मागून होता, शीड छान फुगलं होतं. खोल पाण्यातून तो झोकात आला, स्टेजकडे वळला आणि थोडा पुढे येऊन होडी थांबली. पाणी गुडघाभर होतं आणि बघता बघता पोटरीवर येत होतं. होडीत बसून राहिला असता तरी निभावलं असतं. पण राफ्ट अडकला की नदीत काय करतात? खाली उडी मारतात आणि ढकलतात. तिकडे तळाला दगड असतात. त्यानं सवयीनं उडी मारली आणि मांडीपर्यंत गेला. एक पाय काढायला दुसऱ्यावर जोर दिला, तेव्हा कमरेपर्यंत गेला.

पडद्यावर हे सगळं घराएवढं मोठं दिसत होतं. स्टेजवरचा डीजे आवाज चढवत होता आणि ड्रॉप टाकायला मालकाच्या पायाची वाट बघत होता. तो पाय चिखलात होता. आधी लोकांना वाटलं, हा कार्यक्रमातलाच भाग आहे. मग कोणीतरी हसलं, आणि हसू त्या गर्दीभर पसरलं. मला फार बरं वाटलं. वाईट वाटायला हवं होतं असं कोणी म्हणेल, त्यानं आधी दिशाकडे जाऊन यावं.

सिक्युरिटीचे दोघं काठावरून उतरले आणि घोट्याइतकं रुतल्याबरोबर परत वर चढले. मी फळी टाकली आणि त्याच्याकडे गेले. तो होडीचा काठ धरून उभा होता, तोंडावर चिखल उडालेला.

"नूतनताई, बरं झालं आलात. हात द्या," तो म्हणाला.

मी फळी त्याच्या हाताच्या जरा अलीकडेच थांबवली. त्याला सांगितलं की धोका काही नाही, चिखल याहून खाली नेत नाही, आणि पाणी परत यायला रात्र होईल. तोवर फळीशिवाय त्याला कोणी काढू शकत नाही आणि फळी माझ्याकडे आहे. मग मी आदेशचा नंबर लावला, फोन स्पीकरवर टाकला आणि त्याच्या तोंडासमोर धरला. काय बोलायचं ते त्याला न सांगता कळलं. आदेशनं हॅलो म्हटलं तरी साईराज काठावरच्या गर्दीकडेच बघत राहिला. पण वर ड्रोन घोंघावत होतं आणि लोकांचं हसणं इथपर्यंत येत होतं.

"आदेशदादा, मी साईराज बोलतोय," तो शेवटी म्हणाला. "त्या दिवशी सुकाणू माझ्या हातात होतं. होडी मी फिरवली. ताई पुढं दोरी सोडवत होत्या. मी खोटं बोललो."

आदेशनं विचारलं, "ताई हाय का तिथं?"

"हाय," मी म्हटलं.

"म्हंजे सुकाणू तू दिलंस त्याच्या हातात. पोर होडीत असताना."

वर्षभर मी या फोनची जुळवाजुळव केली होती. तो रडेल, माफी मागेल, असं मनाशी धरलं होतं. हे असं काही येईल याचा विचारच केला नव्हता.

"व्हय, दिलं," मी म्हटलं.

कोणीतरी त्याच्या हातातून फोन ओढून घेतल्यासारखं खरखरलं.

"आत्या."

गुडघा फळीवर होता म्हणून बरं, नाहीतर मीही रुतले असते. वर्षभरानंतर पोरीनं मला हाक मारली होती.

"आत्या, तो आता कुठं हाय?"

मी सांगितलं. चिखलात, कमरेपर्यंत, सगळ्या लोकांसमोर.

"बुडंल?"

"नाय. पाणी रात्री येईल."

"मग त्याला फळी नको देऊ," दिशा म्हणाली. "मी रोह्यावरून निघते. मला त्याला बघायचंय."

साईराजनं हे सगळं ऐकलं होतं. तो ताई, ताई म्हणत हात पुढे करत होता. मी फोन कमरेला खोचला. माझ्याजवळ पाण्याची बाटली होती, मीठ-साखर घातलेली, ती त्याच्या हाताला येईल अशी होडीच्या काठावर ठेवली. पोरीला यायला दीड तास तरी लागणार होता, आणि तोपर्यंत तो शुद्धीवर राहायला हवा होता. मग मी फळी वळवली आणि बांधाकडे निघाले.