डेलमार अटलीची सहा वर्षं

मंगळवारी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी डेलमार अटली ओहायोमधल्या राज्य तुरुंगाच्या आतल्या दारातून बाहेरच्या खोलीत आला. आठ वाजून बारा मिनिटांनी केंद्र सरकारच्या दोन मार्शलनी त्याला बेड्या घातल्या.

त्याची बायको रोनेल समोरच्या बाकावर होती. मांडीवर त्याची धुतलेली जीन्स होती. शेजारी तिची सासू, आयना.

"थांबा साहेब," रोनेल उठली. "त्याची सुटका झालीय. हा बघा कागद."

"राज्याकडून झालीय, बाई," थोरला मार्शल म्हणाला. "आमची पाच वर्षं आजपासून."

"ती भोगून झाली की! न्यायाधीशांनी लिहून दिलंय, दोन्ही शिक्षा एकत्र भोगायच्या."

"कुठल्या न्यायाधीशांनी?"

"कुठल्या म्हणजे? कोर्टातल्या!"

मार्शलने कागद शेवटपर्यंत वाचला आणि परत दिला. "हे काउंटी कोर्टातले. राज्याचे. आमच्या कोर्टाची शिक्षा कधी सुरू होणार, ते यांच्या हातात नसतं."

"एकच पोरगा आहे रे बाबा," आयना बसल्या जागेवरून म्हणाली. "दोन सरकारांना पुरायचा कसा?"

तरुण मार्शलला हसू आलं. त्याने ते आवरलं.

गाडीत बसताना डेलमारने रोनेलला एवढंच सांगितलं, "पेटिट वकिलाला फोन कर." साडेआठला गाडी गेली. रोनेलने जीन्सची पुन्हा घडी घातली. ती आधीच घडी केलेली होती.

प्रकरण असं होतं. सहा वर्षांपूर्वी डेलमारने औषधांचं दुकान फोडलं. काउंटीच्या पोलिसांनी त्याला पकडलं, तेव्हा गाडीत पिस्तूल सापडलं. आधी शिक्षा झालेल्या माणसाने पिस्तूल बाळगणं हा केंद्राचा गुन्हा. चोरी हा राज्याचा. केंद्राने त्याला राज्याकडून उसना नेला, पाच वर्षांची शिक्षा सुनावली आणि परत पाठवला. राज्याच्या शिक्षेबद्दल केंद्राचे न्यायाधीश एक शब्द बोलले नाहीत. महिन्याभराने काउंटी कोर्टाने सहा वर्षं दिली आणि वर लिहिलं, दोन्ही एकत्र. ते ऐकून डेलमारने गुन्हा कबूल केला होता.

तुरुंगातल्या कारकुनाने त्याला सांगितलं होतं की केंद्राचं ताबापत्र फाइलला लावलेलं आहे, सुटला की आमच्या हवाली करा म्हणून. "जुना कागद आहे तो," डेलमार त्याला म्हणाला होता. रोनेललाही त्याने फोनवर तेच सांगितलं होतं.

होबार्ट पेटिट हा त्याचा तेव्हाचा सरकारी खर्चाचा वकील. रोनेलने त्याला घरी जाताना आपल्या गाडीतूनच फोन लावला, स्पीकरवर.

"ज्याने आधी पकडला, त्याचा ताबा आधी," पेटिट म्हणाला. "तो सहा वर्षं राज्याच्या ताब्यात होता. केंद्राच्या हिशेबी तो अजून आत गेलेलाच नाही."

"मग तुम्ही त्याला कबूल का करायला लावलंत?"

"न्यायाधीश म्हणाले, मला वाटलं होईल."

"वाटलं," रोनेल म्हणाली.

"एक वाट आहे. केंद्राच्या तुरुंग खात्याला अर्ज करायचा. राज्याच्या तुरुंगात काढलेली वर्षं तुमच्याच शिक्षेत धरा, म्हणून. त्यांनी मानलं तर तो लगेच सुटेल."

"आणि नाही मानलं तर?"

"पाच वर्षं."

"चांगलं वागला तर?" शेजारून आयनाने विचारलं.

"सव्वाचार, आई."

आयना अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. तिने बोटांवर काहीतरी मोजलं आणि खिडकीकडे तोंड केलं.

अर्ज त्याच आठवड्यात गेला. खात्याची पोच एकविसाव्या दिवशी आली. पद्धतीप्रमाणे खात्याने केंद्राच्या कोर्टाला पत्र लिहून मत विचारलं आणि साठ दिवसांची मुदत दिली. शिक्षा देणारे न्यायाधीश दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले होते. फाइल दुसऱ्या न्यायाधीशांकडे गेली. त्यांनी डेलमारला कधी पाहिलेलं नाही.

रोनेल दर सोमवारी कोर्टाच्या कचेरीत फोन करते. तिथली बाई आता तिचा आवाज ओळखते. "काही नाही गं," ती आधीच सांगून टाकते.

केंद्राच्या सरकारी वकिलाने दोन ओळींचं उत्तर पाठवलं आहे: विरोध नाही, शिफारसही नाही. साठ दिवस गेल्या गुरुवारी संपले. न्यायाधीशांकडून अजून काही आलेलं नाही. डेलमार केंद्राच्या तुरुंगातच आहे.