पितळी किल्ली आणि आठ मजल्यांची ऊब

मित्रांनो, मी एक जुनी पितळी किल्ली आहे. कुलपाची नव्हे, हे आधीच सांगून ठेवते. कुलपाच्या किल्ल्या लोकांना बाहेर ठेवायला असतात. माझं काम कोंडलेल्याला वाट करून देण्याचं. डॅन्यूब नदीकाठच्या रुसे गावात, एका आठमजली इमारतीत, सगळ्यात वरच्या घरी, राइनाच्या स्वयंपाकघरात मी खिळ्याला टांगलेली असते.

मला राइनाच्या नवऱ्याने, दोब्रीने, बोटींच्या कारखान्यात लेथवर घडवलं. पितळेचा उरलासुरला तुकडाच तो. पण दोब्रीच्या हाताला असा गुण, की टाकाऊलाही घाट यावा. पोटात चौकोनी भोक, धरायला दोन कान. दोब्री आता नाही. त्याच्या हाताची धार मात्र माझ्या कडांना अजून आहे, आणि तिचा मला गर्व आहे. गर्व लपवणं मला जमत नाही.

आता माझं काम ऐका. थंडी पडली की गावाच्या बॉयलरमधून गरम पाणी सोडतात. आमच्या बाजूच्या आठही स्वयंपाकघरांतून एकच उभी नळी जाते आणि घरोघरचे लोखंडी रेडिएटर तापवते. पण नळीत शिरलेली हवा पाण्याच्या पुढे पळत वर येते आणि आमच्या रेडिएटरच्या पोटात गुबारा धरून बसते. ती बसली की पाणी अडलं, आणि आठही घरं गार. वरची बाई आळशी निघाली तर खालच्या सात घरांनी कुडकुडायचं!

राइना आळशी नव्हती. रेडिएटरला कान लावून ती आतली गुडगुड ऐकायची. खाली इनॅमलचा टोप, हातात फडकं. रेडिएटरच्या कडेला हवा सोडायचा चौकोनी स्क्रू असतो, त्यावर मला बसवायची आणि पाव फेरा द्यायची, जास्त नाही. आधी फुस्स, मग नाक मुरडावं असा वास, मग थुंकल्यासारखं काळं पाणी, आणि शेवटी सरळ धार. धार लागली की बंद. सून कालिना शेजारी उभी असली तर तिला बजावायची, "सावकाश उघड. हे पाणी तुझ्या सासऱ्यासारखं गरीब नाही, तोंडावर येतं."

मग सातव्या मजल्यावर कोणीतरी नळीवर चमचा वाजवायचं, ऊब पोचली म्हणून. मग सहाव्यावर, मग पाचव्यावर, थेट तळापर्यंत. ते ऐकताना राइनाचा चेहरा असा खुले, की माझं पितळही चमकत असेल.

पण आमच्याकडे हाच चमचा भांडायलाही वाजतो. वर पोरं नाचली, रेडिओ मोठा झाला, की खालचा नळीवर दणके देतो. राइनाच्या बाल्कनीत खारवलेल्या कोबीचं पिंप असायचं. एका वसंतात त्याचं आंबट पाणी गळलं, ते सातव्या मजल्यावरच्या नेदाच्या धुतलेल्या चादरींवर. झालं! दोघींचं बोलणं तुटलं, ते तुटलंच.

त्याच वसंतात कालिनाने ईस्टरसाठी रेडिएटर रंगवला. सून गुणी, हात चोख. पांढरा तेलरंग असा चढवला की रेडिएटर लोण्याचा वाटावा. स्क्रूसकट रंगवला तिने.

थंडीत पाणी सोडलं, तेव्हा मी स्क्रूवर बसेचना. रंगाखाली त्याचे कोपरेच बुजले होते. राइनाने जोर केला, मी निसटले, तिची बोटं सोलली. राइनाच्या घरी स्क्रू रंगात बुडाला, हे ती कुणाला सांगणार? मला खिळ्याला टांगून ती शाल घेऊन बसली. खालून चमचा वाजत होता, रागाने. नेदाच्या हाताचे दणके तिने ओळखले. "वाजव, वाजव," ती म्हणाली, "टोमण्यांनी पाणी चढत नसतं." तो दिवस गेला, दुसराही गेला.

मग नेदा स्वतः जिना चढून आली. गुडघे दुखरे, धाप लागलेली. दारातच म्हणाली, "राइना, कोबीचं भांडण कोबीपाशी ठेव. आमचे हे, गेन्को, उद्या दवाखान्यातून घरी येतायत. फुप्फुसं अजून कच्ची आहेत. डॉक्टरांनी बजावलंय, गार खोलीत ठेवू नका. आणि माझी खोली बर्फ झालीय. तू मुद्दाम करतेस का?"

राइनाने तिचा हात धरून आपल्या रेडिएटरवर ठेवला. तोही बर्फ.

"अगं, मग बोलली का नाहीस?"

"तू चमचा आपटत होतीस. मला वाटलं, तुझ्या चादरी अजून वाळल्या नाहीत."

नेदा खुर्चीत बसली आणि हसत सुटली. हसता हसता तिने डोळे पुसले, आणि मग म्हणाली, बटाटे सोलायची सुरी दे.

त्या बायकांचं कौतुक करावं तेवढं थोडं. एकीने रंग खरवडायचा, दुसरीने उकळत्या पाण्यात पिळलेलं फडकं स्क्रूवर धरायचं. कडकड करून रंगाचा पापुद्रा सुटला. राइनाने मला बसवलं, नेदाने तिच्या हातावर आपला हात ठेवला. स्क्रू झिजून गोल झाला असता तर सगळंच संपलं असतं. माझा एक कान वाकला. तो अजून वाकडा आहे, आणि मला तसाच आवडतो. मग हळूच, फुस्स.

धार लागली तशी नेदा चमचे ऐकायलाही थांबली नाही; आपल्या रेडिएटरवर हात ठेवायला खाली धावली.

दुसऱ्या दिवशी राइना मला एप्रनच्या खिशात घालून सातव्या मजल्यावर गेली. गेन्को आले, हळूहळू. खोलीत त्यांनी आधी टोपी काढली, मग मफलर. थोड्या वेळाने कोटही काढला आणि नुसत्या शर्टात बसून चहा मागितला. माझ्या आयुष्यात मला याहून मोठी शाबासकी मिळालेली नाही.

म्हणून मित्रांनो, घर खुशाल रंगवा, पण स्क्रूचं तोंड मोकळं ठेवा. किल्ली ज्याच्याकडे असेल त्याने गावाला जाताना ती शेजारी देऊन जावी. आणि वरचं माणूस गप्प बसलेलं दिसलं, तर नळीवर चमचा आपटत राहू नका. जिना चढा.