तेलाचा प्राध्यापक

गिअरबॉक्समध्ये कुठलं तेल घालायचं, ह्या एका प्रश्नाने त्या घरात पंधरवडाभर कुणाला धड जेवू दिलं नव्हतं. कुणाला म्हणजे बायकोला. घरात तिसरं कुणी नव्हतंच. नवरा विमा कंपनीत कारकून, पण मोटार क्लबात त्याला प्राध्यापक म्हणत. म्हणणारे थट्टेने म्हणत आणि हा ते मानाने घेई.

बायको दातांची डॉक्टर. तिला तेलाशी देणंघेणं नव्हतं, गाडीशी होतं. क्लबच्या शर्यतीची अंतिम फेरी रविवारी होती, आणि एका गाडीला एकच चालक असा नियम. गाडी दोघांची. चाचणीत ती नवऱ्यापेक्षा सरळ सरळ वेगवान निघाली, म्हणून निवड तिची झाली. इतकी वर्षं ती कठड्यापलीकडे उभी राहून त्याचे हातमोजे आणि पाण्याची बाटली सांभाळत आली होती. पहिल्यांदाच आत बसून जायची पाळी तिची होती. त्याने हसतमुखाने अभिनंदन केलं आणि म्हणाला, "चालवायचं काय, कुणीही चालवतं. तांत्रिक बाजू मी बघतो."

तांत्रिक बाजू म्हणजे सोफ्यावर आडवं पडून व्हिडिओ बघणं. मधूनच उठून, बायको भांडी घासत असली तरी, तो तेलाचा दाटपणा आणि उष्णता ह्यांवर व्याख्यान झोडायचा.

"गाडीच्या पुस्तकात लिहिलंय तेच घाल ना," तिने पहिल्याच दिवशी सांगून पाहिलं.

"पुस्तक सामान्य लोकांसाठी असतं गं. आपली गाडी पळणारी. तिला सगळ्यात निसरडं तेल हवं."

"फार निसरडं झालं तर आतल्या पितळी रिंगा घसरतील. त्यांना थोडी पकड लागते, तरच गिअर अलगद पडतो. नाहीतर खरखरतो."

घरातल्या मिक्सरने मत मांडल्यावर बघावं तसं त्याने तिच्याकडे बघितलं. पुढे आठवड्याभराने, ती एका पेशंटच्या तोंडात वाकलेली असताना, त्याचा फोन आला: "अगं, तुला माहितेय का, गिअरबॉक्समध्ये पितळी रिंगा असतात!" शेवटी घरात जे डबे आले ते पुस्तकातल्याच तेलाचे. 'माझ्या अभ्यासाचा निष्कर्ष' म्हणून त्याने ते क्लबच्या ग्रुपवर जाहीर केलं. तिने डबे मोजून गॅरेजात नेऊन ठेवले. तेल बरोबर आलं होतं. श्रेय त्याने खुशाल उशाशी घेऊन झोपावं.

शनिवारी दुपारी दवाखाना बंद करून ती घरी आली. गॅरेजात गाडी स्टँडवर चढवलेली आणि नवरा नव्या डब्यांशेजारी पालथ्या बादलीवर बसलेला. बोलत नव्हता. तो बोलत नाही हे बघूनच ती खांद्यावरची पर्स न उतरवता गाडीकडे वळली.

"थोडी अडचण झालीय," तो म्हणाला.

गिअरबॉक्सला दोन झाकणं असतात. खालचं उघडून जुनं तेल सोडायचं, वरचं उघडून नवं भरायचं. आधी वरचं सैल करून बघायचं आणि ते सुटलं तरच खालच्याला हात लावायचा, हे क्लबातल्या प्रत्येक नवख्याला तोच दम देऊन शिकवायचा. पण आज तो ग्रुपसाठी व्हिडिओ काढत होता, आणि काळं तेल भदाभदा पडताना झकास दिसतं. म्हणून सुरुवात खालच्या झाकणाने झाली. मग वरच्याला पाना लावला तर ते जाम. ह्याने पाना तिरका धरून जोर लावला, वर हातोडा घातला, आणि झाकणाची षट्कोनी खाच घासून पार गोल झाली. आता पाना तिच्यात नुसता गरगर फिरत होता.

ती कपडेही न बदलता गाडीखाली शिरली. अडून बसलेली दाढ काढण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, पण हे झाकण तिलाही दाद देईना. तेल घालायला दुसरी वाट नव्हती. ओळखीच्या मेकॅनिकने फोनवर सांगितलं, "ड्रिल मारून काढावं लागेल ताई. सोमवारी आणा." कोरड्या गिअरबॉक्सने शर्यत पळायची म्हणजे गिअरबॉक्सच भंगारात घालायचा. ती बाहेर आली तेव्हा तिचे हात काळे झाले होते आणि ती रडत होती. रागाने, मोठ्याने, लाज न बाळगता.

"पेशंटचं तोंड उघडतंय का, हे बघितल्याशिवाय मी सुईसुद्धा भरत नाही रे!"

"पुढच्या वर्षी आहेच की शर्यत," तो म्हणाला. "आणि तू काळजी करू नकोस. मी ग्रुपवर व्यवस्थित कळवलंय."

त्याचं व्यवस्थित असं होतं: 'सुरक्षिततेचा विचार करून आम्ही स्वतःहून माघार घेत आहोत. वेगापेक्षा जबाबदारी मोठी.' खाली टाळ्यांचा पाऊस. 'प्राध्यापक, मानलं तुम्हाला!' आणि हा पठ्ठ्या एकेकाला हात जोडून आभार लिहीत बसला होता.

तिने क्लबच्या सेक्रेटरीबाईंना फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"डॉक्टर, वाचलं मी," बाई म्हणाल्या. "एवढी जबाबदारी हल्ली कोण..."

"कसली डोंबलाची जबाबदारी! ह्याने भरायचं झाकण न उघडताच तेल सोडलं. झाकण निकामी झालंय आणि गाडी लोंबकळतेय."

पलीकडे बाईंना हसू आवरेना. "अहो, पण हे तर त्यांनीच मला शिकवलं होतं! वर परीक्षाही घेतली होती माझी!" हसून झाल्यावर त्यांनी सुस्कारा सोडला, राखीव चालकाला तुमच्या जागी बोलावते म्हणाल्या आणि फोन ठेवला.

नवऱ्याचे कान लाल झाले होते. उद्या सकाळपर्यंत ही गोष्ट क्लबभर होणार, हे त्याला कळून चुकलं होतं.

"माझी अब्रू काढलीस," तो म्हणाला. "झालं समाधान?"

"नाही," ती म्हणाली. "मला उद्या गाडी चालवायची होती."