डी ड्राइव्हवरचे नकाशे

बाबांनी निवृत्तीनंतर स्वतः शिकून नकाशांचा एक प्रोग्राम लिहिला, आणि तो त्यांच्यासारखाच हेकट निघाला. नंदनवन कॉलनीतल्या घरचा जुना कॉम्प्युटर सोडला तर तो कुठेही चालत नसे. प्रत्येक नकाशाचा पत्ता त्यांनी आतच पक्का लिहून ठेवला होता: डी ड्राइव्ह, त्यात ‘आनंदराव’, त्यात ‘नकाशे’. दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर आनंदराव कुठून असणार!

बाबा जाऊन वर्ष झालं आणि भिवापूरकडून तुळसाआत्याचा, त्यांच्या मोठ्या बहिणीचा फोन आला. गावाबाहेरची लहान लेकरं पुरायची जागा नव्या रस्त्यात गेली होती. शुक्रवारी बाराला खोदकाम. तिथे तिची आठ महिन्यांची मुलगी होती, पंचेचाळीस वर्षांपासून. खुणेचा दगड गेला, बाभूळही गेली. ठिकाण उरलं होतं ते बाबांच्या नकाशात; आठ वर्षांपूर्वी त्यांनी तिथली एकेक जागा नोंदवली होती.

"मले तिची मूठभर माती पाह्यजे, सोनिका," आत्या म्हणाली. "मंग खोदू दे त्याह्यले."

मी दोन दिवस सुट्टी टाकून सगळे पक्के पत्ते उपटले. प्रोग्रामशेजारी सेटिंगची एक छोटी फाइल ठेवली. तिच्यात एकच ओळ, नकाशे कुठे आहेत ते सांगणारी. तिथे लिहिलं: प्रोग्राम असेल तिथेच, शेजारच्या फोल्डरमध्ये. सगळं पेनड्राइव्हवर घेतलं, दोन कॉम्प्युटरवर चालवून पाहिलं आणि जुनं धूड भंगारवाल्याला दिलं. बाबांना पंधरा वर्षांत जमलं नाही ते मी दोन दिवसांत केलं, म्हणून मनातल्या मनात मिरवलेही.

शुक्रवारी अकराला गावाबाहेरच्या त्या जागी जीपीएसची डबी लावून मी लॅपटॉप उघडला. आत्याची जागा सतरा नंबरची. घरी पाहिली तेव्हा ती सडकेला लागून होती. आता ठिपका पार नाल्याकाठी होता.

सेटिंगची फाइल उघडली. ओळ बदललेली होती. डी ड्राइव्ह, आनंदराव, नकाशे.

माझ्या लॅपटॉपला डी ड्राइव्हच नाही.

मी ओळ नीट केली. ठिपका सडकेजवळ आला. बंद करून पुन्हा उघडलं, तर तो परत नाल्यावर, आणि ओळ परत बाबांची. नकाशा शेवटचा बदलल्याची तारीख पाहिली. कालची. मी नकाशांना हातही लावला नव्हता. आजोबांनी छप्पन्न साली दीक्षा घेतल्यापासून आमच्या घरात भुताखेताचं नाव काढायला बंदी आहे. मी त्या बंदीचा आधार घेऊ पाहत होते आणि तो सापडत नव्हता.

"म्याडम, बारा वाजून राहिले," जेसीबीवाला विक्की म्हणाला.

दोन्हीकडे खोदायला वेळ नव्हता. चुकले असते तर आत्याची पोर सडकेखाली गेली असती.

"आत्या, सडकेजवळ की नाल्याजवळ? नोंद केली त्या दिवशी बाबांना तूच दाखवलं होतंस ना?"

आत्याने पदर तोंडाशी धरला. "मी जवळ गेलीच नाई वं. पाय उचललाच नाई माह्या. सडकेवरूनच हात केला, इथंच म्हून. खरी जागा नाल्याकडं हाये. कोणालेच नाई सांगतलं मी. त्यालेबी नाई."

विक्कीने यंत्र बंद केलं आणि स्वतःच फावडं घेतलं. नाल्याकाठी, ठिपक्यावर. हातभर खाली काळा पडलेला चांदीचा वाळा लागला, माझ्या दोन-तीन बोटांत बसेल एवढा. आत्या मट्‌कन खाली बसली. तिने माती पदरात घेतली आणि लहान पोरीसारखी रडली. मलाही रडू आवरेना.

मग तिने डोळे पुसून विचारलं, "त्याले कोणं सांगतलं?"

मी सतरा नंबरवर बोट ठेवलं. खाली नोंद उघडली. जागा कोणी दाखवली ते बाबा तिथे शेऱ्यात लिहीत. भूमी अभिलेख खात्यातल्या नोकरीची जुनी सवय. बाकी सगळ्या जागांपुढे आईबापांची नावं होती. सतरापुढे आता दोनच शब्द होते.

"काय लिवलं हाये?"

"समक्ष पाहिले," मी वाचलं.

आत्याने पदरातल्या मातीवरून हात फिरवला.

"म्हंजे माही पोर भेटली त्याले," ती म्हणाली.