झाकणावरचा अकरावा नियम

लिफ्टवालीने आपली लाल काडी पुलावर आडवी ठेवली आणि मास्तरांचा रस्ता तिथेच संपला.

नदीपलीकडे मास्तरांचं सहावं गाव अगदी हाताशी आलं होतं. आणखी दोन काड्या, की डाव त्यांचा. गेला तासभर ते आपल्या हिरव्या रस्त्यावरून एका घोडागाडीवाल्याला नेत होते. त्या गाडीवानाला दमा होता, खाष्ट सासू होती आणि नदीपलीकडे त्याची वाट बघणारी एक लेकही होती. हे सगळं खेळाच्या पुठ्ठ्यावर कुठेच नव्हतं, मास्तरांच्या डोक्यात होतं.

"मेला बिचारा," मास्तर म्हणाले. म्हणाले हसतच, पण हातातली काडी त्यांनी टेबलावर जरा जोरात ठेवली.

"मरतो कशाला? वळसा घालून जाऊ दे," लिफ्टवाली म्हणाली.

"वळसा सात काड्यांचा आहे."

"मग सात घाला. माझी कुठे ना आहे?"

दातांच्या दवाखान्याची ही बाहेरची खोली. रविवारी दवाखाना बंद असायचा, तेव्हा टेबलावरची जुनी मासिकं खाली ठेवून हे चौघं तिथे रस्त्यांचा खेळ मांडायचे. भिंतीवर दाढेचं भलंमोठं चित्र, हवेत लवंगेच्या तेलाचा वास. खेळ सोपा होता. पुठ्ठ्यावर गावं, मधून एक नदी, नदीवर चार पूल. प्रत्येकाने आपल्या रंगाच्या काड्या लावत जायचं. ज्याच्या रस्त्याने सहा गावं आधी जोडली, तो जिंकला. जिथे एकाची काडी, तिथून दुसऱ्याला वाट नाही.

सोपा होता, पण चौघं चार खेळ खेळायचे. मास्तर गोष्ट सांगायला खेळायचे. त्यांची बायको, म्हणजे दवाखान्याची डॉक्टर, कुणाला दुखू नये म्हणून खेळायची; दाढ काढतानाही तिचं तेच आणि पुठ्ठ्यावरही तेच. चौघंही एकाच वेळी सहाव्या गावात पोचले असते, तर तिने आनंदाने पेढे वाटले असते. डॉक्टरचे थोरले भाऊ, सगळ्यांचे दादा, यांचं कोपऱ्यावर चष्म्यांचं दुकान. ते कशासाठी खेळायचे कुणास ठाऊक. पाळी आली की पटकन काडी ठेवायचे, "चला, झालं" म्हणायचे, आणि दर रविवारी न चुकता तिसरे यायचे.

आणि लिफ्टवाली जिंकायला खेळायची.

चार वर्षांपूर्वी डॉक्टर लिफ्टमध्ये, दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये, अडकली होती, तेव्हा लिफ्टची देखभाल करणाऱ्या हिनेच तिला बाहेर काढलं होतं. दाराच्या फटीतून गप्पा मारत, चाळीस मिनिटं. त्या गप्पांतूनच रविवारचं आमंत्रण आलं. लिफ्टवालीचा आठवडा काही होऊ नये म्हणून खपायचा. दोर झिजू नये, ब्रेक सुटू नये, दार मध्येच उघडू नये. तिचं काम चोख झालं की कुणाच्या ते लक्षातसुद्धा यायचं नाही. रविवारी मात्र काहीतरी व्हायचं, आणि ते ती करायची. पुठ्ठ्यापुढे बसली की तिचे कान गरम व्हायचे. समोरच्याला खिंडीत गाठायचं, आपण गाठले गेलो तर धडपडून सुटायचं, यासारखं सुख तिला दुसरं नव्हतं.

डॉक्टरने हळूच खोक्याचं झाकण ओढलं आणि उलटं केलं.

झाकणाच्या आतल्या बाजूला या घरचे नियम लिहिलेले असायचे. कुणाच्या खेळण्याचा कुणाला त्रास झाला की डॉक्टर तिथे एक नियम लिहायची. खाली तीन सह्या झाल्या की नियम लागू, चालू डावापासूनच. ज्याच्यामुळे नियम झाला त्याने चौथी सही लाजेकाजेस्तव करायचीच, अशी पद्धत होती. आजवर कुणी नाही म्हटलं नव्हतं. एकाच गड्याला दोनदा अडवू नये. पहिल्या दहा काड्यांत कुणीच कुणाला अडवू नये. विचार करायला दोनच मिनिटं. त्यासाठी मुलांना दात घासायला देतात ते वाळूचं घड्याळ टेबलावर होतं. दहावा नियम तर असा होता, की अडवताना हसू नये.

"पूल अडवू नये," डॉक्टरने लिहिता लिहिता वाचलं. "अकरावा. बाकी सगळीकडे अडव की, पण पूल सगळ्यांचे असतात गं."

"पूल सोडले तर अडवायला उरलंय काय?"

"अगं, खेळ आहे. हसतखेळत व्हायला हवा ना?"

"मी हसतखेळतच खेळत होते. हसायचं तुम्ही बंद केलंत."

मास्तर खोकले. डॉक्टरने सही केली आणि पेन नवऱ्याकडे दिलं. मास्तरांनी बोर्डाकडे पाहिलं, नदीकाठच्या आपल्या गाडीवानाकडे पाहिलं, आणि सही केली.

"मी करणार नाही," लिफ्टवाली म्हणाली. आवाज तिच्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. "नवव्या नियमानंतर महिनाभर मी तुमच्यासारखं खेळून पाहिलं. हातचं राखून. घरी जाताना पोटभर जेवूनही भूक राहिल्यासारखं वाटायचं. अकरावा झाला तर मी यायची नाही. रागावून नाही सांगत. पण यायची नाही."

"एवढ्याशा काडीवरून?" डॉक्टरचा चेहरा उतरला.

"माझ्यासाठी एवढंसं नाही ते."

मग डॉक्टरने झाकण भावापुढे सरकवलं. "दादा, कर बाबा सही. आणि तूच समजाव हिला."

दादा एरवी न वाचता सही करायचे. पेन हातात यायच्या आत त्यांचा हात पुढे व्हायचा. आज त्यांनी झाकण उचललं, चष्मा कपाळावर चढवला आणि डोळ्यांजवळ धरून वाचायला लागले. पहिल्यापासून. इतरांना चष्मे देणारा माणूस स्वतः वाचताना चष्मा काढतो, यावर मास्तरांचा एक ठेवणीतला विनोद होता, पण त्यांनी तो केला नाही.

"पहिले पाच निळ्या शाईत आहेत," दादा म्हणाले.

"जुने आहेत ते," डॉक्टर म्हणाली. "ही यायच्या आधीचे."

"मग ते कुणामुळे झाले?" लिफ्टवालीने विचारलं.

डॉक्टर हसली. "कुणामुळे म्हणजे? दादामुळेच. तू पाहिलं नाहीस गं याला. नुसता वाघ! अकरा वर्षांपूर्वी आमचं लग्न झालं, त्या वर्षी यांना इतकं हरवलं, इतकं हरवलं, की हे रविवारी डोकं दुखतंय म्हणून झोपायला लागले. मग काय करणार? एक-एक नियम केला. आता बघ कसा गुण्यागोविंदाने खेळतो."

लिफ्टवालीने दादांकडे पाहिलं. चार वर्षं ती या माणसाला मनातल्या मनात गुळाचा गणपती म्हणत आली होती. समोर वाट मोकळी दिसत असताना भलतीकडेच काडी ठेवतो, याला खेळातलं काही कळत नाही, अशी तिची खात्री होती. तिला स्वतःची लाज वाटली. आणि त्याहून जास्त भीती वाटली, कारण आणखी सात वर्षांनी आपण कशा असू, ते समोरच बसलं होतं.

"पाचही ठिकाणी माझी सही आहे," दादा म्हणाले.

"मग? तू आनंदाने केलीस."

"तुझा संसार नवा होता. हे घर मला तुटायला नको होतं. म्हणून केली." त्यांनी झाकण खाली ठेवलं. "मला मजा यायची गं. ती गेली. तुला कळलं नाही, त्याचं काही नाही. मलाही आत्ता कळतंय."

"दादा, मी काय मुद्दाम..."

"नाही गं. तू सगळ्यांचं भलंच करत होतीस. पण मी सही करणार नाही."

पेन त्यांनी बहिणीपुढे ठेवलं. मग आपल्या काड्यांतली एक पिवळी काडी उचलली. पाळी त्यांचीच होती. त्यांनी डावीकडच्या पुलाकडे पाहिलं, उजवीकडच्या गावांकडे पाहिलं, आणि यावेळी ते पटकन काही ठेवेनात. काडी बोटांत फिरत राहिली. आणि मग त्यांनी ती तिसऱ्या पुलावर आडवी ठेवली.

लिफ्टवालीच्या तोंडचा घास गेला.

तिची पाच गावं झाली होती. मास्तरांना अडवताना तिने सहाव्याची सोय आधीच लावून ठेवली होती, त्याच तिसऱ्या पुलावरून. एकच काडी हवी होती, पुढच्याच पाळीला. आता पुलावर पिवळी काडी होती, आणि त्या काडीला इकडेतिकडे वेंधळेपणाने टाकलेल्या वाटणाऱ्या पिवळ्या काड्या दोन्ही बाजूंनी येऊन भिडल्या होत्या. दादांचीही पाच गावं झाली होती. ती कधी झाली, हे तिने पाहिलंच नव्हतं. तिच्या कानांच्या पाळ्या जळायला लागल्या. संताप आला तिला. असा संताप, की उठून पुठ्ठा उधळून द्यावा.

"बघ," डॉक्टर हलकेच म्हणाली. "आता कळलं कसं वाटतं ते?"

"कळलं."

"दोन सह्या झाल्यात. तिसरी तू कर. पुलांवरच्या काड्या उचलायच्या, आणि आम्ही दोघं आपली पाळी सोडतो, म्हणजे आता तुझीच." डॉक्टरच्या बोलण्यात खोच नव्हती. दुखणाऱ्या माणसाला औषध द्यावं तसं तिने झाकण आणि पेन पुढे केलं. "तूच जिंकशील. सगळ्यांचंच बरं होईल."

लिफ्टवालीने पेन घेतलं. दादा तिच्याकडे बघत नव्हते, पुठ्ठ्याकडेच बघत होते. पण पिवळ्या काडीवरून त्यांनी हात अजून काढला नव्हता. काडी उचलून घ्या म्हणून कुणी सांगेल, याची अकरा वर्षं सवय झालेला तो हात होता.

तिने पेन टेबलाच्या दुसऱ्या टोकाला सरकवलं.

"दादांनी मला मारलंय," ती म्हणाली. "नीट, समोरून मारलंय. राहू दे ती काडी तिथेच."

"हरशील तू," मास्तर म्हणाले.

"हरेन." ती पुढे वाकली. तुटलेल्या लाल रस्त्यावर बोट फिरवत तिने एकेक पूल मोजला. "आणि पुढच्या रविवारी येईन. हात काढा दादा, मला बघू दे."

दादांनी हात काढला.